मदत हवी आहे: कासवीण पाण्यात अंडी घालतेय आणि खाणं बंद आहे

नमस्कार. मी पुण्यात राहते. आमच्याकडे डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं रेड इअर्ड स्लायडर कासव आहे. २०१३ साली भाच्याने आणलं तेव्हा तळहातावर मावत होतं. नाव ठेवलं बंड्या, आणि गेल्या महिन्यापर्यंत आम्ही त्याला नरच समजत होतो. आता पाठीचं कवच २३ सेंमी आहे, वजन पावणेदोन किलो.

तीन आठवड्यांपूर्वी टाकीच्या तळाशी एक फुटकं अंडं दिसलं, चार दिवसांनी आणखी एक. त्यानंतर तिने खाणं सोडलंय. आज नववा दिवस. रात्रभर मागच्या पायांनी काच खरवडते, मधेच कोपऱ्यात गप्प बसून राहते. तिच्यासोबत दुसरं कासव कधीच नव्हतं.

दीर म्हणतात, "खाऊ घालून घालून एवढी मोठी केलीत, आता अंडी बाहेर येत नाहीत." हे मनाला फार लागलंय. अंग मोठं झालं की अंडीही मोठी होऊन अडकतात का? खाणं कमी ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती का? जवळच्या एका दवाखान्यात कासव तपासत नाहीत असं सांगून परत पाठवलं. कोणी म्हणतं तलावात सोडा. ते मी करणार नाही. ही जात मूळची अमेरिकेतली, इथल्या पाण्यातल्या कासवांच्या तोंडचा घास काढायला तिला सोडणं मला पटत नाही.

प्रतिसाद

ताई, आधी तातडीचं. नऊ दिवस उपाशी आणि पोटात अंडी असण्याची शक्यता, म्हणजे एक्स-रे उद्याच काढा. पक्षी आणि सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर पुण्यात मिळतात, फोन करून खात्री करूनच निघा. कळा आणायचं इंजेक्शन एक्स-रे न बघता कोणालाही देऊ देऊ नका. वाट अडलेली असेल तर आत अंडं फुटू शकतं.

नर नसला तरी मादी अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं होत नाहीत. स्लायडरचा नर साधारण दहा सेंमीच्या आसपास वयात येतो, मादीला त्याहून बरंच मोठं व्हावं लागतं. अंडी पोटात साठवायला कवचात जागा हवी ना! म्हणूनच मोठी मादी एका खेपेला जास्त अंडी घालते. तुमच्या हातून काही वाईट झालेलं नाही.

अडकण्याबद्दल दीरांचं म्हणणं मात्र उलटं आहे. जस्टिन काँगडन आणि व्हिट गिबन्स या अमेरिकन संशोधकांनी १९८७ मध्ये कासवांच्या तीन जाती तपासल्या होत्या. पेंटेड टर्टल आणि चिकन टर्टल यांच्यात अंड्याची रुंदी कमरेच्या हाडांमधल्या वाटेच्या मापानेच वाढते. लहान मादीची वाट अरुंद, म्हणून तिचं अंडंही बारीक. स्लायडरमध्ये तसं दिसलं नाही. मादी वाढते तशी ही वाट अंड्यापेक्षा भराभर रुंद होत जाते आणि जागा उरते. म्हणजे मोठं अंग ही तिची सोयच आहे. हाडं वाकडी वाढली असतील तर गोष्ट वेगळी, तेही एक्स-रेत कळेल. ऊन खिडकीच्या काचेतून मिळतं की थेट? काच यूव्हीबी, म्हणजे हाडांच्या वाढीला लागणारे उन्हातले किरण, अडवते.

माझा संशय अंडी घालायच्या जागेवर आहे. मादीला खणायला माती लागते. ती मिळाली नाही की ती अंडी धरून ठेवते, नाहीतर नाइलाजाने पाण्यात सोडते. रात्रभर काच खरवडणं म्हणजे ती जागा शोधतेय. मोठ्या टबात निम्मी माती, निम्मी वाळू, फूटभर खोल भरा. मूठ वळेल इतकीच ओली ठेवा. शांत, उबदार कोपऱ्यात टब ठेवा, तिला त्यात सोडा आणि समोर उभं राहू नका. कोणी दिसलं तर ती खणणं सोडून देते.

धागा काढणारी

मनापासून आभार. ऊन काचेतूनच मिळत होतं, हे मला माहीतच नव्हतं. काल एक्स-रे झाला. आत सात अंडी आहेत, हाडं सरळ आहेत, वाट मोकळी आहे. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं आणि दोन दिवस थांबायला सांगितलं. काल रात्री बाल्कनीत टब ठेवून दिवा बंद केला. पहाटे पाहिलं तर माती सारखी करून ती टबाच्या कडेला बसली होती. उकरल्यावर सहा अंडी मिळाली, सगळी धड.

सकाळी तिने पालकाचं एक पान खाल्लं. आता दोन शंका आहेत. सातव्या अंड्यासाठी पुन्हा टबात ठेवू का? आणि टब कायमचा ठेवावा का?

प्रतिसाद

आज रात्री पुन्हा ठेवा. उद्यापर्यंत नाही आलं तर पुन्हा एक्स-रे. ते एक अंडं विसरून चालणार नाही. टब राहू द्या, एका हंगामात ती पुन्हा अंडी धरू शकते. कॅल्शियमसाठी पाण्यात समुद्रफेसाचा तुकडा टाका, लागेल तसा ती चावते. काचेतून येत नाही त्या यूव्हीबीसाठी दिव्याचं मात्र या आठवड्यातच बघा.