नोकरी, उपासना, घर आणि स्वतःचा वेळ: यांत नेमके काय कमी पडते आहे?

जलरेघ (प्रश्न)

नमस्कार. माझे वय २७ आहे आणि गेली चार वर्षे मी एका कंपनीत माहितीच्या विश्लेषणाचे काम करते. काम मला मनापासून आवडते, हे सुरुवातीलाच सांगते, कारण "मग नोकरी बदल" हा सल्ला मला पुष्कळदा मिळाला आहे आणि तो माझ्या अडचणीला लागू पडत नाही. काम, श्रद्धा, घरची माणसे आणि चित्रकला या चार गोष्टींना मी आयुष्यात महत्त्वाच्या मानते, आणि त्यांपैकी कामाखेरीज एकीलाही मी पुरी पडत नाही.

मागच्या महिन्यात मी एक आठवडा वहीत तासांचा हिशेब ठेवला. आठवड्याचे एकूण १६८ तास. त्यांतले झोपेत ४९, नोकरी आणि जाण्यायेण्यात ५८, स्वयंपाक, कपडे व इतर घरकामात २० गेले. म्हणजे ४१ तास उरायला हवेत, आणि कागदावर ते उरतातही. तरी त्या आठवड्यात माझी प्रार्थना दोनदाच झाली, आणि त्या दोन्ही वेळी ओठ शब्द म्हणत होते पण मन एका सहकाऱ्याला द्यायच्या उत्तराची वाक्ये जुळवत होते. सुटीच्या दिवशीच्या सामूहिक प्रार्थनेला तर मी तीन महिने गेलेली नाही, कारण त्या सकाळी मी राहिलेली झोप भरून काढत असते.

आईशी मी रोज रात्री बोलते. परवा बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, "तू टाइप करते आहेस ना? मला बटणांचा आवाज येतो आहे. तुझे झाले की कर फोन." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. जलरंगांची पेटी काल उघडली, तर निळ्या रंगाच्या नळीचे टोपण फिरेना, इतका रंग आत वाळला होता.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे ४१ तास हाती असूनही हाती का लागत नाहीत? आणि ज्यांची श्रद्धा हा जगण्याचा खरा भाग आहे, केवळ सणावारापुरता नाही, त्यांनी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत तिला कसे सांभाळले? वेळापत्रकाच्या युक्त्या मी वाचल्या आहेत, त्यामुळे कोणी स्वतः करून पाहिलेले सांगितले तर अधिक उपयोग होईल.

दुसरे पान

तुमचा हिशेब वाचून मला वाटले की तुमची अडचण वेळेची कमी आणि मनाची जास्त आहे. नोकरी आणि कुटुंब यांच्यातील ओढाताणीवर जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये एक लेख लिहिला होता आणि त्यात या ओढाताणीची तीन मुळे वेगळी केली होती. एका ठिकाणचा वेळ दुसऱ्या ठिकाणाला खातो, हे पहिले. एका भूमिकेतला ताण दुसऱ्या भूमिकेत आपल्याबरोबर येतो, हे दुसरे. आणि कामावर उपयोगी पडणारी वागण्याची तऱ्हा घरी चालत नाही, हे तिसरे. आपण सगळे पहिल्याचा उपाय शोधत बसतो, कारण तास मोजता येतात, पण तुम्ही लिहिलेले दोन्ही प्रसंग, प्रार्थनेचा आणि आईच्या फोनचा, दुसऱ्या प्रकारचे आहेत. त्या दोन्ही ठिकाणी तुम्ही वेळ दिला होता, फक्त त्या वेळात तुम्ही तिथे नव्हता.

याला जवळची एक कल्पना सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये मांडली. एक काम अर्धवट ठेवून माणूस दुसऱ्याकडे वळला की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच रेंगाळत राहतो, आणि नव्या कामाला उरलेलेच लक्ष मिळते. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी असे दाखवले की काम मध्येच सोडावे लागले तर "मी कुठवर आलो आहे आणि परत आल्यावर पहिल्यांदा काय करणार आहे" हे क्षणभर थांबून लिहून ठेवल्यास ते रेंगाळणे कमी होते.

हे मी पाच वर्षे करतो आहे, म्हणून खात्रीने सांगतो. संगणक बंद करण्यापूर्वी मी एका कोऱ्या कागदावर तीनच ओळी लिहितो: आज काय अर्धे राहिले, उद्या बसल्या बसल्या पहिले काय करायचे, आणि कोणाला उत्तर द्यायचे राहिले. तो कागद टेबलावरच राहतो, तो मी घरी आणत नाही. सुरुवातीला संध्याकाळी मन त्या कामाकडे जायचेच, पण गेले तरी त्याला "ते लिहून ठेवले आहे" असे सांगता यायचे, आणि ते ऐकायचे. तुमच्या सहकाऱ्याचे उत्तर असेच तिसऱ्या ओळीत गेले असते तर ते प्रार्थनेत कदाचित आले नसते.

पहाटवेळ

वरील उत्तराशी मी पुष्कळसा सहमत आहे, मात्र प्रार्थनेच्या बाबतीत एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. लक्ष रेंगाळू नये म्हणून केलेला उपाय कामासाठी आणि आईच्या फोनसाठी योग्य आहे. प्रार्थनेत मात्र "मन लागले का" हे मोजायला लागलो की आपण तिथेही कामगिरीचा आढावा घेऊ लागतो. माझी तीन वर्षे अशीच गेली. दिवसभराच्या धावपळीनंतर, सगळे आवरून, एकाग्र होऊन बसू म्हणून मी उपासना रात्रीवर ठेवत असे, आणि बहुतेक रात्री बसल्या जागीच डोळा लागत असे. मग अपराधी वाटे, म्हणून दुसऱ्या दिवशी अधिक वेळ बसण्याचा संकल्प करी, आणि तोही मोडे. शेवटी मी आजीला सांगितले की माझे मन लागत नाही, तेव्हा तिने विचारले, "मन लागल्यावरच बसायचे असे तुला कोणी सांगितले? न लागलेले मन घेऊन बस."

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. उपासना रात्रीवरून सकाळी आणली, आणि तीही फोन हातात घेण्याच्या आधी, कारण एकदा फोन पाहिला की दिवस माझा राहत नाही. दुसरे म्हणजे वेळ कमी केला. अर्धा तास ठरवून आठवड्यातून दोनदा बसण्यापेक्षा सात मिनिटे रोज बसतो. कधी सात मिनिटांत मन एकदाही ठिकाणावर येत नाही, तरी उठताना मोडलेल्या संकल्पाचे ओझे नसते. गेल्या दोन वर्षांत जेमतेम आठ-दहा दिवस चुकले असतील.

सामूहिक प्रार्थनेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण तुम्ही ते एका वाक्यात सांगून पुढे गेलात आणि मला तीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटली. एकट्याची उपासना आपण आपल्या बळावर चालवतो, आणि बळ संपले की ती बंद पडते. जिथे चार माणसे आपली वाट पाहतात तिथे आपले बळ संपलेल्या दिवशीही आपण जातो. आठवड्याची सुटी कामगारांना कायद्याने मिळू लागली त्याच्या कितीतरी आधी ती धर्मांनी पाळली होती, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९२१ च्या साप्ताहिक विश्रांतीविषयीच्या करारातही दर सात दिवसांत सलग २४ तासांची विश्रांती सांगताना, ती शक्य तिथे त्या देशाच्या वा प्रदेशाच्या परंपरेने ठरलेल्या दिवशीच यावी असे म्हटले आहे. सगळ्यांना एकाच दिवशी मोकळे करण्यामागचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो, कारण एकेकट्याला वेगवेगळ्या दिवशी मिळालेल्या सुटीत माणूस झोपू शकतो, पण जमू शकत नाही. त्या सकाळची झोप आदल्या रात्री घेता येईल का, एवढे पाहा. महिन्यातून दोनदा गेलात तरी सुरुवातीला पुरे आहे.

फिरती पाळी

मी परिचारिका आहे आणि माझी पाळी दर आठवड्याला बदलते. वरची दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण ती ठरलेल्या वेळी काम संपणाऱ्या माणसांची आहेत, हे नोंदवल्याशिवाय मला राहवत नाही. पहाटे फोनच्या आधी सात मिनिटे हे मला लागू करायचे तर माझी पहाट कोणती, हाच प्रश्न आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात मी पहाटे रुग्णांचे तापमान नोंदवत असते.

मला जे जमले ते असे. मी घड्याळ सोडून दिले आणि प्रत्येक गोष्ट दुसऱ्या एखाद्या न चुकणाऱ्या गोष्टीला बांधली. पाळी कोणतीही असो, घरी आल्यावर मी अंघोळ करतेच, म्हणून प्रार्थना अंघोळीनंतर, मग ती सकाळी असो की रात्री दहाला. मुलाबरोबरचा वेळही असाच, तो जेवत असेल तेव्हा मी समोर बसते, मला भूक असो वा नसो. तो चार वर्षांचा आहे. त्याला आठवड्याचे वार कळत नाहीत, पण माझा गणवेश वाळत घातलेला दिसला की आई आज घरी आहे हे त्याला कळते. एकदा मी गणवेश रात्रीच काढून घडी करून ठेवला, तर तो सकाळी दोरीखाली उभा राहून रडू लागला. तेव्हापासून मी घरी असेपर्यंत तो दोरीवरच ठेवते.

आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. सगळाच दोष आपल्या शिस्तीत शोधू नका. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही उद्योगांतील कामाची मर्यादा १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच कराराने घातली, म्हणजे या मर्यादेला शंभराहून अधिक वर्षे झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. तुमच्या ५८ तासांत प्रवास धरलेला आहे, त्यामुळे ते आकडे तुम्हाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण रात्री आईशी बोलताना जे टाइप करत होता, ते तुम्ही वहीत नोकरीच्या तासांत धरले होते का? नसेल तर हिशेब पुन्हा करा. तुमचे हरवलेले तास मला तिथे सापडतील असे वाटते.

कुंचला

चित्रकलेबद्दल कोणीच काही म्हटले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. सॅबिन सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस सावरतो त्यामागचे चार अनुभव मांडले होते: कामापासून मनाने दूर होणे, शरीर-मनाचा सैलपणा, काहीतरी नवे शिकण्याचा वा जमवण्याचा आनंद, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा. फोनवर चित्रफिती पाहण्यात सैलपणा मिळतो, तिसरा अनुभव मात्र सहसा मिळत नाही, आणि चित्रकलेत तोच भरपूर असतो. त्यामुळे चित्रकलेला शेवटी उरलेल्या वेळाची वाटेकरी समजू नका.

वाळलेल्या नळीचे टोपण गरम पाण्यात काही मिनिटे धरले की बहुधा सुटते. आतला रंग वाळला असला तरी टाकू नका. नळी कापून तो रंग बशीत ठेवा, जलरंग पाण्याने पुन्हा विरघळतो.

जलरेघ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

'फिरती पाळी' यांनी सांगितल्याप्रमाणे हिशेब पुन्हा केला. या वेळी जेवताना वाचलेले संदेश, झोपण्यापूर्वी दिलेली उत्तरे आणि सुटीच्या दिवशी "फक्त पाच मिनिटे" म्हणून उघडलेला संगणक हे सगळे लिहिले. नोकरीचे तास ५८ नसून ६९ निघाले. ते पाहून मी बराच वेळ वहीसमोर बसून होते. हा कागद घेऊन मी माझ्या वरिष्ठांशी बोलले. ते समजूतदार आहेत, तरी सगळे पटले असे नाही. रात्री आठनंतर तातडीचे असेल तर फोन येईल आणि बाकीचे सकाळी पाहीन, एवढे मान्य झाले. पहिल्या आठवड्यात मला एकही फोन आला नाही, म्हणजे ती अनेक उत्तरे मी कोणी न मागता देत होते.

तीन ओळींचा कागद रोज लिहिते. प्रार्थना सकाळी आणली आहे, २१ पैकी १६ दिवस झाली, आणि मन लागले की नाही हे मोजणे सोडले आहे. सामूहिक प्रार्थनेला एकदाच जाऊ शकले. दाराशी एका वयस्कर बाईंनी "कुठे होतीस?" एवढेच विचारले आणि शेजारी सरकून जागा करून दिली.

आईशी बोलताना आता दुसऱ्या खोलीत जाते. काल ती म्हणाली, "आज आवाज येत नाही बटणांचा," आणि मग मावशीच्या गुडघ्याबद्दल, घराच्या गळक्या छपराबद्दल, भावाच्या परीक्षेबद्दल तिने मला चाळीस मिनिटे सांगितले. यातले बरेचसे जुने होते. छपराचे तर तीन महिन्यांपूर्वीचे होते.

निळी नळी कापली आहे. रंग बशीत ठेवला आहे, पण त्याने अजून काही काढलेले नाही.