मदत हवी आहे: बाजारपेठेचा रस्ता पूर्ण खणणार आहेत, दुकानं चालू कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात बाजाराचा रस्ता एकच आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, मधे जेमतेम साडेसहा मीटर रस्ता. आता तो या टोकापासून त्या टोकापर्यंत खणून आधी सांडपाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची लाइन टाकणार, मग वर काँक्रीट करणार. चार महिने लागतील असं तोंडी सांगितलंय. माझं दुकान बरोबर मध्यावर आहे, त्यामुळे ग्राहक कुठूनही आला तरी खणलेल्या भागातूनच यावं लागणार.

रस्ता व्हायला हवाच. जोराचा पाऊस झाला की पाणी आमच्या पायरीला लागतं, त्यामुळे कामाला विरोध करायचा प्रश्नच नाही. पण मागच्या वेळी फक्त पाइप टाकायला खणलं होतं, तेव्हा तीन आठवडे सांगून अडीच महिने लागले. मातीचे ढीग दुकानांच्या तोंडाशी, आत यायला एक फळी. त्या फळीवरून आमच्या एक वयस्कर ग्राहक घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मीच त्यांना उचलून आत बसवलं होतं. त्या पुन्हा कधी दुकानात आल्या नाहीत, आणि ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. काही नेहमीची माणसं त्या काळात दुसरीकडे जायला लागली, तीही काम संपल्यावर परतली नाहीत. रोजच्या वाटेची सवय एकदा मोडली की मोडलीच.

पुढच्या आठवड्यात ठेकेदार आणि इंजिनिअर यांच्यासोबत सगळ्या दुकानदारांची बैठक आहे. आमच्यात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, अर्धा रस्ता चालू ठेवून अर्ध्याचं काम करा. दुसऱ्यांचं म्हणणं, सगळा एकदम बंद करा पण लवकर उरका. बैठकीत नेमकं काय मागावं? आणि मालाच्या गाड्यांचं काय करायचं? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मोजपट्टी:

बरीच वर्षं रस्त्यांच्या साइटवर काढली आहेत म्हणून लिहितो. तुमचे दोन्ही तट एका गोष्टीत चुकताहेत: ते गाड्या आणि पायी माणसं एकत्र धरताहेत. साडेसहा मीटरमधे चर, खणायचं मशीन आणि निघालेली माती एवढं मांडलं की गाडी जायला सुरक्षित जागा उरत नाही. गाड्या बंदच ठेवा. पायवाट मात्र एक दिवसही बंद होता कामा नये. बैठकीत सगळ्यांनी मिळून एवढी एक मागणी लावून धरा.

दुसरं, तारखेच्या आधी क्रम विचारा. अख्खा रस्ता पहिल्याच दिवशी उघडायचा नाही. 50-60 मीटरचा तुकडा घ्यायचा, पाइप टाकायचा, चाचणी करायची, चर थराथराने दाबून भरायचा आणि मगच पुढचा तुकडा खणायचा. ठेकेदाराला हे आवडणार नाही, कारण मशीन एकदा आणलं की सलग खणून टाकणं त्याला सोयीचं पडतं. तुमचं सगळ्यात मोठं नुकसान मात्र उघड्या पडून राहिलेल्या चरांमुळेच होतं. चर भरताना घाई करू देऊ नका. एकदम माती लोटली तर ती पुढे बसते आणि वरच्या काँक्रीटला तडे जातात. चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर कडांना आधार देणार का, हे विचारायला विसरू नका. तुमच्या भिंती अगदी लागून आहेत.

आता काँक्रीटबद्दल. त्याची ताकद 28 दिवसांची धरतात, साधारण सात दिवसांत दोन तृतीयांशाच्या आसपास येते. सुरुवातीचे दिवस ते सतत ओलं ठेवावं लागतं. पायी माणूस एक-दोन दिवसांत चालू शकतो, पण गाडी कधी सोडायची ते इंजिनिअरलाच ठरवू द्या. दुकानदारांनी दबाव आणून लवकर उघडलेले रस्ते मी पाहिलेत, पहिल्याच वर्षात पृष्ठभाग उखडतो. काँक्रीट ओतायला सुरुवात झाली की मधे थांबवता येत नाही. त्यामुळे तुमच्या दारासमोर कोणत्या दिवशी ओतणार हे किमान तीन दिवस आधी कळवा, असं लेखी मागा. त्या दिवशी मालाची गाडी बोलावू नका. सांधे कापायचं मशीन बहुतेक त्याच रात्री चालतं आणि आवाज खूप होतो. ते बंद पाडू नका. वेळेत कापलं नाही तर स्लॅब वाटेल तिथे तडकतो. धूळ उडू नये म्हणून पाणी सोडत कापायला मात्र जरूर सांगा.

पांढरी काठी:

माझी दृष्टी नाही, म्हणून पायवाटेबद्दल मीच बोलते. तुमच्या ग्राहकाचं मनगट मोडल्याचं वाचून वाईट वाटलं. फळी नकोच. दोन्ही बाजूंना कठडा असलेला, न हलणारा, न घसरणारा पूल मागा. रुंदी 1.2 मीटर तरी हवी, म्हणजे व्हीलचेअर जाईल आणि समोरून येणाऱ्याला कडेला उभं राहता येईल. उतार 1:12 पेक्षा, म्हणजे बारा फूट लांबीला एक फूट चढ यापेक्षा, तीव्र नको.

चराभोवती लाल-पांढरी रिबन बांधून मोकळे होतात, त्याचा आम्हाला काडीचा उपयोग नाही. काठी रिबनच्या खालून सरळ जाते आणि पुढचं पाऊल खड्ड्यात पडतं. कठड्याला जमिनीलगत एक आडवी पट्टी असेल तर काठी तिला अडते. आणि वाट रोज बदलू नका. बदलणारच असाल तर आदल्या दिवशी सांगा. संध्याकाळनंतर दिवे हवेत, ते डोळस माणसांसाठीही हवेतच.

उंबरठा:

लेव्हल! आमच्याकडे रस्ता सुंदर झाला, फक्त जुन्यापेक्षा वर आला, आणि आता पाणी दुकानात येतं. काम सुरू होण्याआधी इंजिनिअरला तुमच्या भिंतीवर तयार रस्त्याच्या लेव्हलची खूण करायला लावा. पायरी, उंबरठा, भिंतीवरच्या आधीच्या भेगा या सगळ्यांचे तारीखवार फोटो काढून ठेवा. रस्त्याखालून आडवे रिकामे पाइपही टाकून घ्या, म्हणजे उद्या एखादी केबल न्यायची झाली तर काँक्रीट फोडावं लागणार नाही. आमच्याकडे वर्षाच्या आत फोडलं.

मालवाहू:

मालाबद्दल सांगते. प्रत्येकाने आपापली सोय करायला गेलात तर टोकाला गाड्यांची कोंडी होईल. एडिनबरामध्ये लीथ वॉकवरून ट्रामची लाइन पुढे नेली तेव्हा रस्त्यावर ठिकठिकाणी माल उतरवायच्या जागा केल्या होत्या, तिथून माल दुकानांपर्यंत पोचवत. ती लाइन 2023 मध्ये सुरू झाली. तुमचं काम त्यामानाने लहान आहे, पण पद्धत तीच चालेल: दोन्ही टोकांना एकेक जागा, सकाळची ठरलेली वेळ, सगळ्यांत मिळून एक-दोन हातगाड्या आणि त्या ओढायला पगारी माणूस. ठेकेदाराच्या गाड्या त्या वेळेत येणार नाहीत, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

‘दुकानं चालू आहेत’ हा फलक खणलेल्या जागी लावून उपयोग नसतो, तिथवर येईपर्यंत माणूस परत फिरलेला असतो. मुख्य रस्त्यावरून तुमच्याकडे वळतात त्या वळणावर लावा, दुकानांची नावं आणि गाडी कुठे ठेवायची तेही लिहा. जी नेहमीची माणसं आहेत त्यांना आधीच फोन करा. कोणाला घरी माल हवा असेल तर ते खणण्याआधी विचारा, नंतर उशीर झालेला असतो.

धागाकर्ता:

मनापासून आभार. काल सगळ्यांसमोर हा धागा वाचून दाखवला आणि गाड्या बंद, पायवाट कायम चालू, यावर दोन्ही तट एक झाले. रिबनची गोष्ट आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हती. ज्या ग्राहकाचं मनगट मोडलं होतं त्यांना आज फोन केला. पूल कुठे हवा ते त्याच सांगणार आहेत.

मोजपट्टी, एक राहिलं. आग लागली किंवा कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर? मागची गल्ली मी मोजली, सगळ्यात अरुंद जागी तीन मीटर वीस सेंटिमीटर भरली.

मोजपट्टी:

रुग्णवाहिका जाईल. अग्निशमनच्या मोठ्या गाडीला साडेतीन मीटरच्या पुढे जागा लागते, म्हणून त्या गल्लीवर विसंबू नका. अग्निशमनवाल्यांनाच बैठकीला बोलवा. गाडी कुठवर येईल आणि तिथून होज मधल्या दुकानांपर्यंत पोचेल का, हे त्यांना प्रत्यक्ष चालून बघू द्या. गल्लीतल्या उभ्या दुचाकी मात्र आजपासूनच हलवा.