गरोदरपणातली अर्धशिशी : तुम्ही कसं निभावलंत?

भाचीला तिसरा महिना लागलाय. काल फोनवर म्हणाली, "मावशी, फोडणीचा वास आला की डावा डोळा ठणकायला लागतो." माझी पहिली खेप आठवली. खिडकीला चादर लावून पडून राहायचे, कुकरची शिट्टी झाली तरी कळ जायची. नेहमीची गोळी डॉक्टरांनी बंद केली, तिच्यात अर्गोटामिन होतं, त्यानं गर्भाशय आकसतं. फक्त पॅरासिटामॉल, तीही विचारून. पाचव्या महिन्यापासून मात्र डोकं हलकं झालं. तुमचे अनुभव लिहा, तिला वाचून दाखवते.

—
आधी उपास सोडायला सांगा. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबलं की उलटी ठरलेली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, तू जेव गं, गणपतीला कळतं. उशाशी राजगिऱ्याचा लाडू ठेवायचे.

—
उपासाला +१. उन्हाचंही तेच. नागपूरचा मे आणि आठवा महिना 😣

—
नागपुरात कुठे? माझं माहेर धरमपेठ

—
प्रतापनगर!! व्यनि (खाजगी निरोप) करते

—
सुंठ उगाळून कपाळावर लेप. आमच्याकडे सगळ्या बायका तेच करतात

—
सुंठीनं माझी आग आग व्हायची. गार पट्टी आणि अंधार, बस. चहा एकदम तोडू नका, त्यानंही डोकं धरतं. कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, दोन कप चहा आरामात बसतो.

—
सातव्या महिन्यात डोकं दुखायला लागलं, पण नेहमीसारखं एका बाजूनं नाही, सगळंच. डोळ्यांपुढे ठिपके, चपलेत पाय जाईना. नवऱ्यानं तसंच रिक्षात घातलं. बीपी १६०/११०. अर्धशिशी नव्हतीच, प्रीएक्लाम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोक्याइतकं वाढतं तो आजार. लेक आता चौथीत आहे. बायांनो, २० आठवड्यांनंतर असं वेगळं दुखलं तर गोळी घेऊन झोपू नका, आधी बीपी मोजा. १४०/९० झालं तरी लगेच दवाखाना गाठा.

—
बाप रे. लेकीला खूप आशीर्वाद

—
हे वरचं भाचीला नक्की वाचून दाखवा. आणि कुणाला अर्धशिशीसाठी वॅलप्रोएट किंवा टोपिरामेट चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, बाळात व्यंग राहू शकतं. दुखण्यावरची आयबुप्रोफेनही मनानं घेऊ नका, २० आठवड्यांनंतर तर नकोच.

—
बाळंतपणानंतर परत आली का कुणाला? माझी बारशाच्या आधीच हजर. जागरणं!

—
हो, माझीही. आई रात्री बाळाला घेऊन बसायची, म्हणून सलग झोप मिळाली, तेव्हा कुठे उतरली.

—
भाचीला सगळं वाचून दाखवलं, उद्या बीपी बघायला जातेय. लाडू गुळाचा की साखरेचा?

—
गुळाचा. मऊ बघून घ्या, कडक चावताना कानशील दुखतं.