मदत हवी आहे: बेवारस गेलेल्यांसाठी गावाने काही करायचं तर परवानगी कुणाची?

मंडळी, जरा मार्गदर्शन करा. रत्नागिरीत मिरकरवाड्याला जेटीवर एक काका असायचे, कुणाचं जाळं फाटलं की सुई-दोरा घेऊन बसायचे, बदल्यात दोन बांगडे नि चहा, राहायला निळी ताडपत्री. पावसात गेले. नाव कुणालाच माहीत नाही म्हणून कागदावर अनोळखी पुरुष, पोलिसांनी पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद, नातेवाईक आलं नाही मग बेवारस म्हणून अंत्यसंस्कार, संपला विषय.

अमेरिकेत 1990 पासून 21 डिसेंबरच्या आसपास, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, बऱ्याच शहरांत त्या वर्षी गेलेल्या बेघरांची नावं मोठ्याने वाचतात. लॉस एंजेलिसमध्ये तर कुणीच न नेलेली रक्षा साधारण तीन वर्षं सांभाळतात, मग एकत्र पुरतात आणि वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. आपण सर्वपित्रीला तिथी माहीत नसलेल्यांचं श्राद्ध करतोच की! पण काकांचा धर्मही माहीत नाही, म्हणून विधी वगैरे नको, साधी नावं वाचायची.

तर वर्षभरातल्या अशा मृत्यूंची यादी नगरपरिषदेकडे मागायची की पोलीस स्टेशनला, का थेट माहितीचा अधिकार टाकू? जेटीवर तासभर जमायला आणि छोट्या स्पीकरला कुणाचं पत्र लागतं? आणि ज्यांचं नावच नाही त्यांचं काय वाचायचं, सापडले ती जागा नि तारीख चालेल का? चिपळूण-मालवणकडे कुणी केलं असेल तर प्लीज सांगा. बॅनरवर पुढाऱ्यांचे फोटो नकोत हे आधीच सांगते.