टोमॅटोच्या रोपांची पाने खालून जांभळी, वाढ थांबली: मदत हवी आहे

प्रो-ट्रेमधली (रोपांसाठीचा छोट्या कप्प्यांचा ट्रे) टोमॅटोची रोपे, वय 5 आठवडे, 3-4 खरी पाने. गेले दहा दिवस वाढ ठप्प आहे. पाने वरून गडद हिरवी, पण खालून, विशेषतः शिरांजवळ, जांभळी. माध्यम 2 भाग कोकोपीट, 1 भाग गांडूळखत. सकाळी त्याचे तापमान 11 अंश भरते, दुपारी 21. शेजारच्या ट्रेमधला, थंडी सोसणारा कोबी मात्र मजेत आहे, त्यामुळे संशय थंडीवरच: गार मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही.

19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत) लिटरला 1 ग्रॅम, पाच दिवसांच्या अंतराने दोनदा दिले, फरक शून्य. पाणी वरचा थर सुकल्यावरच. भिंगातून पाहिले, मावा-कोळी (रस शोषणारी कीड) नाही. एक रोप उपटले: मुळे पांढरी, पण कप्पा पूर्ण भरलेला. इथेच घोडे अडले आहे. मोठ्या कुंडीत ओली माती जास्त, म्हणजे ती उशिरा तापणार. ट्रेमध्येच ठेवले तर मुळे गुंडाळली जाणार.

हीटिंग मॅट नाही, रात्री घरात एकच ट्रे मावतो. रोपे 40 आहेत.

तर रात्रीचे तापमान 14-15 अंशांवर जाईपर्यंत, साधारण दोन आठवडे, थांबावे, की आत्ताच 4 इंची कुंड्यांत हलवावे? आणि हलवायचेच तर स्फुरद त्याच वेळी द्यावे की नवी मुळे फुटल्यावर?