पट्टी बदलली की गाण्याचा मूड का बदलतो?

अर्धासूर:
मंडळी, एक संथ विरहाचं गाणं म्हणतोय, ओरिजिनल बाईच्या आवाजात काळी तीनमधून, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून. मला ती पट्टी झेपत नाही, अंतऱ्यात तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग आला की मानेच्या शिरा ताणतात, म्हणून ॲपमध्ये ट्रॅक पाच सेमीटोन (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या पाच पट्ट्या) खाली घेतला, म्हणजे काळी एक. आता आरामात म्हणता येतं पण जीवच गेला गाण्यातला. आधी व्याकुळ वाटायचं ते आता जेवून झोपायला निघाल्यासारखं वाटतंय 😅 चाल तीच, ठेका तोच, एक स्वर इकडचा तिकडे नाही, मग बदललं काय? प्रत्येक पट्टीला स्वतःचा मूड असतो का?

पेटीवाला_काका:
मूडबीड काही नसतो हो. पेटीवर प्रत्येक पट्टीची कंपनसंख्या मागच्या पट्टीच्या साधारण १.०६ पट, त्यामुळे सा-ग, ग-प ही अंतरं कुठूनही सुरू करा सारखीच. साथीला बसतो तेव्हा तेच भजन एक जण पांढरी दोनला म्हणतो, दुसरी काळी पाचला, ऐकणाऱ्याला भजन तेच. नुसतं ऐकून ही काळी तीन म्हणून सांगणारे कान फार थोड्यांचे, बाकी आपण सगळे सा धरूनच ऐकतो.

कोमलनिषाद:
काका पेटीचं बरोबर आहे पण गळा म्हणजे पेटी नव्हे. काळी तीनचा तार ग ४६६ हर्ट्झच्या आसपास, काळी एकचा ३४९. वरच्या जागी आवाज ताणला जातो, धार येते, थोडा फाटेल की काय असं वाटतं, आणि ऐकणाऱ्याला ती धारच व्याकुळता वाटते. खाली आणल्यावर तुझा गळा निवांत झाला आणि गाणंही निवांत झालं. शिवाय मुखडा मंद्रात, खालच्या सप्तकात गेला असेल तर तिथे नुसती हवा येत असणार. दुसरं म्हणजे ॲपने ट्रॅक ओढला की वाद्यांचा पोतही जातो, पाच सेमीटोन म्हणजे बासरीची पार पिपाणी होते, नाही म्हणजे उलट, भोपळा होतो. काळी दोनला करून बघ, थोडं ताणलं तर ताणू दे.

सहा_तारा:
गिटारवाल्यांना हे रोज दिसतं. ई (हे पट्टीचं इंग्रजी नाव) मधलं गाणं ई फ्लॅटमध्ये नेलं की मोकळ्या तारा गेल्या, सगळे बारे कॉर्ड, म्हणजे एका बोटाने तारा आडव्या दाबून धरायचे, झणकार गायब आणि गाणं कोंदटल्यासारखं. सेमीटोन एकच पण. म्हणून मी तारा अर्धा स्वर उतरवतो आणि बोटं ई चीच ठेवतो. आणि काका, पूर्वी युरोपात कीबोर्ड असे समान भागांत लावत नसत, सी मेजरचा ग गोड आणि ए फ्लॅट मेजरचा ग बराच चढा यायचा, म्हणजे तेव्हा पट्टीला खरोखरच स्वभाव होता. आता ते गेलं, पण समज मागे राहिली.

मूर्च्छनावेडी:
इथे एक गल्लत नको, सगळं गाणंच दुसऱ्या पट्टीत नेणं वेगळं आणि सूर तेच ठेवून सा बदलणं वेगळं. पेटीवर भूप राग वाजवा, सा रे ग प ध. आता तेच पाच सूर ठेवून भुपाच्या गंधाराला सा माना आणि तिथून म्हणा, वेगळाच राग, मालकंस! सूर एकही बदलला नाही पण मूड कुठच्या कुठे. काळी तीनचा भूप काळी एकला नेलात तर तो भूपच राहतो.

पेटीवाला_काका:
हे आत्ताच वाजवून बघितलं, तानपुरा मात्र नव्या सा ला लावून घ्या, नाहीतर कान भूपच ऐकत बसतो.

अर्धासूर:
काळी दोनला म्हटलं. तार ग ला आवाज थोडा चिरकला आणि बायको आतून म्हणाली, आता बरं वाटतंय. ट्रॅकऐवजी नुसता तानपुरा लावला होता. मुखडा मात्र अजून पोकळ वाटतो, सुरुवातीचा मंद्र पंचम लागतच नाहीये, त्यावर काय करू?

कोमलनिषाद:
तिथे जोर लावू नको, माइक जवळ घे.