शब्दचर्चा: शेअर ‘पडला’ की ‘पाडला’? टेस्लाच्या वाईट बातम्या आणि गुंतवणूकदारांचा संशय

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या आमच्या गुंतवणूक अभ्यासगटासाठी मी मराठीत टिपण काढतो. या खेपेचा विषय टेस्ला, म्हणजे अमेरिकेतली विजेच्या गाड्या बनवणारी कंपनी. गटातल्या तिघाचौघांनी रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून (ठरावीक मर्यादेत परदेशी पैसे पाठवायची सोय) अमेरिकेतले थोडेफार शेअर घेतलेत आणि त्यात टेस्ला असतोच. या मंडळींचं ठाम मत असं, की टेस्लाबद्दलची वाईट बातमी आपोआप येत नाही, कुणीतरी ती आणतं. मंदीवाले (शेअर पडेल यावर पैसे लावणारे), पेट्रोलवाल्या कंपन्या, नाहीतर टेस्ला वर्षानुवर्षं जाहिराती देत नव्हती म्हणून चिडलेली माध्यमं. हे मत मला नोंदवायचं आहे, त्याची वकिली करायची नाही.

मथळा दिला होता: ‘टेस्लाविषयीच्या नकारात्मक वार्तांकनाबाबत गुंतवणूकदारांमधील साशंकता’. एका ज्येष्ठ सभासदांनी तो वाचला आणि विचारलं, “हे तहसील कचेरीतून आलंय का?”

तर दोन प्रश्न. मुद्दाम पसरवलेल्या अशा बातमीला काय म्हणावं: अफवा, कंडी, आवई, वावडी, सुपारी? आणि तिच्याबद्दल या लोकांना जे वाटतं ती शंका, संशय की आणखी काही?

तेजीमंदी
सुपारीच म्हणा की राव. आमच्या ग्रुपवर रोज चालतं. ‘सुपारी बातमी आहे, होल्ड करा.’ ‘ऑपरेटर पब्लिकला घाबरवतोय आणि खालून माल उचलतोय.’ ऑपरेटर म्हणजे भाव खेळवणारा बडा खेळाडू. पोरं तर ‘फड’ म्हणतात. एफ, यू, डी ही भीती, अनिश्चितता आणि शंका यांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. मराठी माणसाला फड म्हटलं की तमाशाचा नाहीतर उसाचा आठवतो, पण ‘फड पसरवतायत’ असं बिनदिक्कत लिहितात.

मुद्रितशोधक
सुपारीला माझी हरकत आहे. मारेकऱ्याला दिलेले पैसे हा अर्थ गुन्हेगारी बातम्यांनी सगळीकडे पोचवला. पण बँडवाल्याची सुपारी असते, तमाशाची असते, ऑर्केस्ट्रावाला आजही “शनिवारी दोन सुपाऱ्या आहेत” असं सांगतो, आणि त्यात काही काळंबेरं नसतं. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र पक्की: कुणीतरी कुणालातरी पैसे दिलेत. ‘सुपारी बातमी’ लिहिलंत की तुम्ही पत्रकाराने पैसे घेतले असं म्हणालात. पुरावा आहे का? नसेल तर टिपणात तो शब्द नको. ग्रुपवर काय लिहायचं ते लिहा.

अफवेचं बरोबर उलट. अरबी ‘अफवाह’ म्हणजे तोंडं. सुरुवात कुणी केली हा प्रश्नच त्या शब्दात नाही, तोंडातोंडी झालं, संपलं. शिवाय अफवा म्हटलं की ती निराधार हे आलंच. मोठ्या वर्तमानपत्रात नावानिशी छापलेल्या लेखाला अफवा म्हणता येत नाही.

वावडी म्हणजे मुळात पतंग. संक्रांतीला येवल्यात जाऊन बघा. वर नुसता पतंग दिसतो, पण खाली कुठल्यातरी गच्चीवर कुणाच्यातरी हातात आसारी, म्हणजे मांज्याची फिरकी, असतेच. म्हणून ‘वावड्या उडवल्या’ म्हटलं की उडवणारा गृहीत धरला जातो. तुमच्या सभासदांच्या मनातलं त्यातल्या त्यात याच शब्दात येतं. अडचण एवढीच की वावडीला वजन नाही. गाडीला आग लागल्याची चित्रफीत समोर असताना तिला वावडी कोण म्हणेल? कंडी त्याहून हलकी, कट्ट्यावरची. आवईत घबराट हवी, लोक धावत सुटले पाहिजेत.

मी ‘पेरलेली बातमी’ सुचवीन. वार्ताहर मंडळी हा शब्द सर्रास वापरतात, निवडणुकीच्या दिवसांत तर जास्तच. आणि याचा मोठा गुण असा की पेरलेली बातमी खरीही असू शकते. पेरणाऱ्याचा हेतू काय होता एवढंच तो शब्द सांगतो, बातमी खरी की खोटी यात पडत नाही.

लासलगावकर
भाऊ, एवढे शब्द कशाला? आमच्याकडे कांद्याच्या बाजारात एका कान्यात काम होतं. भाव पडला आणि भाव पाडला.

आवक वाढली, पावसात भिजलेला माल आला, की भाव पडतो. लिलावात व्यापारी एक झाले आणि बोली पुढे सरकेना, की भाव पाडला. आता खरं सांगू का, शेतकरी बहुतेक वेळा ‘पाडला’च म्हणतो. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, भाव कोसळले, चांदवडला रास्ता रोको झाला. तेव्हा ‘पाडला’ म्हणायला कागद होता, सरकारची अधिसूचनाच होती. पण साध्या मंगळवारी क्विंटलमागे शे-दोनशे उतरले तरी शब्द तोच. ज्याचा ट्रॅक्टर भरून यार्डात उभा आहे, त्याच्या तोंडून ‘पडला’ निघतच नाही. ज्याने कालच विकून टाकला तो मात्र आरामात म्हणतो, “पडला ना आज भाव.” शेअरवाल्यांचं काही वेगळं असेल असं वाटत नाही.

मुद्रितशोधक
लासलगावकर, लाख बोललात. मराठीत आरोप करायला विशेषण लागत नाही, क्रियापद बदललं की झालं. कंडी पिकली, कंडी पिकवली. बातमी फुटली, बातमी फोडली. छापून आली, छापून आणली. (नोटांच्या छापखान्यावाल्या नाशिकरोडकरांनी गैरसमज करून घेऊ नये, इथे नोटांचा विषय नाही.) ‘आणली’ म्हणताना कोणी आणली ते सांगावं लागत नाही. लिहिणाऱ्याची तीच सोय आणि वाचणाऱ्याची तीच फसवणूक. मी प्रुफं तपासायचो तेव्हा अशा प्रत्येक क्रियापदापाशी समासात ‘कोणी?’ लिहायचो. उपसंपादक वैतागायचे.

तेजीमंदी
ते ठीक आहे हो, पण टेस्लाच्या बाबतीत आणलीच होती की! न्यूयॉर्क टाइम्सचं प्रकरण घ्या. गाडीचं चार्जिंग संपलं, टोचन करून न्यावी लागली, असा लेख छापला. टेस्लाचा प्रमुख मस्क, त्याने गाडीतली नोंदच बाहेर काढली.

गंगापूररोडकर
तेजीमंदी, ते प्रकरण मी टिपणात घेतलंय, म्हणून पूर्ण सांगतो. फेब्रुवारी २०१३. बातमीदाराने कडाक्याच्या थंडीत डेलावेअर ते कनेटिकट या पट्ट्यात टेस्लाची मॉडेल एस ही गाडी चालवली आणि शेवटी ती ट्रकवर लादावी लागली. इलॉन मस्क यांनी लेख बनावट असल्याचं ट्विटरवर म्हटलं, मग गाडीतल्या नोंदी प्रसिद्ध केल्या: वेग किती होता, हीटर किती ठेवला होता, चार्जिंग कुठे अर्धवट सोडलं. यावर त्याच वृत्तपत्राच्या वाचक-प्रतिनिधी संपादकांनी चौकशी करून लिहिलं, की चाचणी प्रामाणिक हेतूने झाली होती, पण नोंदी ठेवण्यात आणि काही निर्णयांत बातमीदार कमी पडला. म्हणजे ढिसाळपणा सापडला, कट सापडला नाही. आमचे सभासद मात्र पहिला भाग सोडून फक्त दुसरा सांगतात.

त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरला सिएटलजवळ मॉडेल एसच्या तळाला रस्त्यावरचा धातूचा तुकडा लागला आणि गाडी पेटली. कुणाला इजा झाली नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी चित्रण केलं, ते जगभर फिरलं, आणि दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ६ टक्क्यांनी उतरला. ‘पेट्रोलच्या गाड्या रोज जळतात, त्या कोण दाखवतं?’ ही तक्रार तेव्हापासूनची. तक्रारीत तथ्य आहे. पण म्हणून आग पेरलेली होती असं होत नाही. पुढे मार्च २०१४ मध्ये कंपनीने बॅटरीखाली टायटॅनियमचं कवच बसवायला घेतलं आणि अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा यंत्रणेने चौकशी बंद केली.

अंबडवाला
आमच्या एमआयडीसीत बॅटरीवरून वाद नको. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकलाच कंटेनरमध्ये भरलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या होत्या, तेव्हा शॉप फ्लोअरवर दोन तट पडले होते. एक म्हणे, पेट्रोलवाल्यांनी मुद्दाम मोठं केलं. दुसरा म्हणे, अरे बाबा, कंटेनर काळा पडलाय, तो कोणी मोठा केला? त्या दिवसांत देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटत होत्या. बातमी वारंवार आली, कारण घटना वारंवार घडली.

मराठीच्या बाई
गंगापूररोडकर, तुमचा दुसरा प्रश्न मागेच राहिला, मी घेते.

शंका आणि संशय यांना एकाच डब्यात कोंबू नका. शंका *विचारतात*, संशय *घेतात*. वर्गात “काही शंका?” असं विचारतो, “काही संशय?” असं विचारलं तर मुलं हसतील. शंकेचं निरसन होतं, कारण तिला उत्तर हवं असतं. संशयाला माणूस हवा असतो. म्हणून शंका ‘कशाबद्दल’ आणि संशय ‘कोणावर’. बातमीबद्दल शंका, बातमीदारावर संशय.

वहीम जुना, पोलीस-कचेरीतला. ‘वहिमी इसम’ वाचल्याचं आठवत असेल. आज तो शब्द घातलात तर सगळं टिपण फौजदारी वाटेल. मनात पाल चुकचुकणं ही त्याआधीची पायरी, अजून कुणाचं नाव तोंडावर आलेलं नाही. आकस हा वेगळाच, तो संशय घेणाऱ्याचा नव्हे, ज्याच्यावर घेतला त्याचा. ‘माध्यमांना टेस्लाचा आकस आहे’ हे तुमच्या सभासदांचं म्हणणं.

आता तुम्ही सांगताय ते लोक गाडी जळाली का, कशाने जळाली, हे विचारत नाहीत. ‘हे आजच का छापलं?’ हे विचारतात. ती शंका नाही. सरळ संशय लिहा. आणि ‘साशंकता’ शासकीय परिपत्रकाला देऊन टाका.

तेजीमंदी
बाई, एक शंका विचारतो मग! संशय घ्यायला कारण नाही का? मंदीवाल्यांना शेअर पडण्यातच पैसा आहे. दुसऱ्याकडून उसना घेऊन आज विकायचा, पडला की स्वस्तात घेऊन परत करायचा. यालाच शॉर्ट मारणं म्हणतात. शॉर्ट मारला की बातमी हवीच. टेस्ला तर कित्येक वर्षं अमेरिकेत सगळ्यात जास्त शॉर्ट मारलेल्या शेअरांपैकी होता. आइनहॉर्न, चॅनोस यांच्यासारखे अमेरिकेतले मोठे फंडवाले उघड सांगत होते आम्ही मंदीत आहोत म्हणून.

गंगापूररोडकर
उघड सांगत होते हाच मुद्दा लक्षात घ्या. मस्क यांनीही त्यांची टर उडवली. जुलै २०२० मध्ये कंपनीच्या दुकानात लाल सॅटिनच्या आखूड चड्ड्या विकायला ठेवल्या, ६९.४२० डॉलरला. इंग्रजीतल्या ‘शॉर्ट’वरची ती कोटी मराठीत आणायचा मी प्रयत्न केला, शेवटी सोडून दिला. मे २०१८ मध्ये त्यांनी पत्रकारांना विश्वासार्हतेचे गुण देणारं संकेतस्थळ काढण्याची कल्पनाही मांडली होती.

आणि त्याच वर्षी ७ ऑगस्टला खुद्द मस्क यांनी ट्विट केलं, की शेअरमागे ४२० डॉलरने कंपनी खासगी करायचा (म्हणजे शेअर बाजारातून काढून घ्यायचा) विचार आहे, पैशाची सोय झाली आहे. शेअर त्या दिवशी जवळपास ११ टक्के चढला. अमेरिकेच्या रोखे नियामकाने दावा ठोकला, तडजोडीत मस्क आणि कंपनी दोघांना प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड झाला, मस्क यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. गुंतवणूकदारांनी लावलेल्या वेगळ्या खटल्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्यूरीने मस्क यांना दोषी धरलं नाही, हेही लिहितो. आता या चढण्याला आमचे सभासद काय म्हणतात? ‘शेअर चढला.’ ‘चढवला’ असं एकानेही म्हटलं नाही.

लासलगावकर
कसं म्हणतील? भाव वाढला की आमच्याकडे पण वाढलाच असतो. वाढवला म्हणणारा मुंबईचा गिऱ्हाईक.

मुद्रितशोधक
मंदीवाल्याबद्दल एक उदाहरण तेजीमंदींसाठी. निकोला ही विजेवर आणि हायड्रोजनवर चालणारे ट्रक बनवू पाहणारी अमेरिकन कंपनी. सप्टेंबर २०२० मध्ये हिंडेनबर्ग रिसर्चने अहवाल काढला, की जाहिरातीतला धावणारा ट्रक इंजिनाच्या जोरावर धावत नव्हता, उतारावरून सोडून दिला होता. हिंडेनबर्गने आधीच शॉर्ट मारलेला होता आणि तसं जाहीरही केलं होतं. म्हणजे बातमी पेरलेली, हेतू नफ्याचा, पाडणारा नावानिशी समोर. आणि बातमी खरी निघाली. संस्थापक ट्रेव्हर मिल्टन ऑक्टोबर २०२२ मध्ये फसवणुकीत दोषी ठरले. पुढे मार्च २०२५ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली, पण त्याच्या आदल्या महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. शेअर पाडला हे खरं, आणि पडणारच होता हेही खरं. म्हणून मी ‘पेरलेली’ला चिकटून आहे. ‘सुपारी’, ‘अफवा’, ‘वावडी’ यातला एकही शब्द या प्रकरणाला लावून बघा, बसत नाही.

तेजीमंदी
ठीक, सुपारी मागे घेतो. पण ग्रुपवर ‘पेरलेली’ कोण लिहिणार? दोन अक्षरी शब्द पाहिजे हो, बाजार साडेतीनला बंद होतो.

अंबडवाला
मग ‘फड’च राहणार बघा. वगाचं नाव तेवढं बदलत जाईल.

गंगापूररोडकर
सगळ्यांचे आभार. मथळा आता असा करतोय: ‘टेस्लाची वाईट बातमी: छापून आली की आणली? गुंतवणूकदारांचा संशय कोणावर?’ आत ‘पेरलेली बातमी’ आणि ‘संशय’ हेच दोन शब्द शेवटपर्यंत ठेवतो. शेअरबद्दल माझ्या वाक्यात ‘उतरला’, सभासदांच्या तोंडी ‘पाडला’, अवतरणात. चालेल?

मराठीच्या बाई
चालेल. फक्त सभासदांच्या तोंडचं सगळंच अवतरणात घालू नका, वाचताना ठेच लागते. पहिल्यांदा घाला, मग ‘त्यांच्या मते’ पुरे.

मुद्रितशोधक
मथळ्यातला दुसरा प्रश्न काढा. संशय कोणावर ते पहिल्याच परिच्छेदात तुम्ही सांगताय. आणि ‘मंदीवाले’ जोडून लिहा, मागच्या टिपणात ‘मंदी वाले’ असं सुटं छापलं होतं.